एस्थर झिराडकरचा गुड फ्रायडे

एस्थरला मी खोली दाखवली तेव्हा तिनं कपाट उघडलं नाही की गादी दाबून पाहिली नाही. तिनं विचारलं, "फोन कुठं आहे?"

"खाली, जिन्यापाशी."

"आणि दिवसा घरात कोण असतं?"

"मीच असते," मी म्हटलं. १९८४ साल होतं. आमच्या मुली लहान होत्या, म्हणून मी फार्मसीतली नोकरी सोडली होती. गिरीश, माझा नवरा, हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर. तो घरी यायचा तो फक्त झोपायला. लंडनच्या हाउन्सलो भागातलं आमचं घर विमानांच्या वाटेखाली होतं. खोली बघायला आलेले लोक दर दीड मिनिटानं कौलांवरून जाणारा आवाज ऐकायचे, "कळवतो" म्हणायचे आणि परत फिरकायचे नाहीत. एस्थरच्या समोरच एक विमान गेलं. ती बोलता बोलता थांबली, ते गेल्यावर पुढचं बोलली.

"मी व्हायोलिन वाजवते. तुला चालेल?"

"विमान चालतं तर व्हायोलिन का नाही चालणार?"

तिनं माझी जाहिरात वाण्याच्या दुकानात वाचली होती. मी ती मराठीत लिहिली होती, म्हणजे आपल्यातलंच कुणी येईल असा हिशेब. आली एस्थर झिराडकर. बेने इस्रायली, आपल्या कोकणातल्या ज्यू लोकांपैकी. तिचे वडील सियोन मूळचे अलिबागजवळच्या झिराडचे. भायखळ्याला राहायचे, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. १९६४ मध्ये बायको आणि दोन मुलांना घेऊन इकडे आले तेव्हा एस्थर अकरा वर्षांची होती. शाळेत कौन्सिलतर्फे वाद्य फुकट शिकवायचे. बासरीसाठी वेटिंग लिस्ट होती, व्हायोलिनची जागा रिकामी होती. एवढ्यावरून ती व्हायोलिनला लागली.

पण तिचं व्हायोलिन मी पाहिलेल्या व्हायोलिनसारखं नव्हतं. हनुवटी टेकायला काही नाही, तारांवर फिरवायची धनुकली आखूड आणि बाहेरच्या बाजूला वाकलेली. तारा धातूच्या नाहीत, मेंढीच्या आतड्याच्या. हे तिनं सांगितलं तेव्हा मी पलीकडच्या खोलीतल्या देवघराकडे एकदा पाहिलं. तीनशे वर्षांपूर्वी युरोपात जसं वाजवत तसंच वाजवायचं, हा तिचा धंदा. त्याला बरोक म्हणतात. एकदा हौसेनं मी माझी पेटी काढली आणि म्हटलं, दे सूर. तिचा सूर माझ्या पेटीपेक्षा अर्ध्या स्वरानं खाली निघाला.

"आमचा ए तुमचा ए-फ्लॅट असतो," ती म्हणाली. "सॉरी. आपलं जमणार नाही."

ती कुठल्याच ऑर्केस्ट्राच्या नोकरीत नव्हती. लंडनमध्ये या जुन्या संगीताचे पाच-सहा संच होते आणि सगळे रोजंदारीवर चालायचे. प्रत्येक संचाचा एक माणूस नुसते फोन करायचा. त्याला फिक्सर म्हणत. अमुक तारखेला आठ व्हायोलिनं हवीत, की तो यादीतल्या पहिल्या नावाला फोन करणार. उचलला नाही तर दुसऱ्याला. तासाभरानं तुम्ही उलट फोन केलात तर, "ओह, सो सॉरी, भरलं." आन्सरिंग मशीन एस्थरनं घेऊन पाहिलं होतं. फिक्सर त्यावर बोलतच नसत, ठेवून देत. म्हणून तिला दिवसा माणूस असलेलं घर हवं होतं.

अशी तिची डायरी माझ्याकडे आली. नक्की झालेलं काम पेनानं, विचारून ठेवलेलं पेन्सिलीनं. मुलींना भरवता भरवता मी इंग्रजी बायकांना सांगायचे, "शी इज फ्री ऑन द फोर्टीन्थ, बट ओन्ली फ्रॉम टू." महिन्याभरात मी इतकी तयार झाले की फिक्सर मला नावानं ओळखू लागले. एस्थरच्या आधी माझी चौकशी करायचे.

तिचं एखादं वर्ष सांगायचं तर ते त्या डायरीतूनच सांगता येईल. सोमवारी बाथला तालीम, रात्री परत. मंगळवार ते गुरुवार उत्तर लंडनच्या एका चर्चमध्ये रेकॉर्डिंग. तिथं हीटरचा आवाज येतो म्हणून हीटर बंद, सगळे ओव्हरकोट घालून वाजवणार. विमान गेलं, थांबा. दुधाची गाडी गेली, थांबा. शुक्रवारी बर्मिंगहॅम, शनिवारी एका लग्नात चौघांत बसून दोन तास. दमट हवेत आतड्याच्या तारा उतरतात, कोरड्या हवेत तुटतात आणि इंग्लंडात एका दिवसात दोन्ही हवा होतात. डिसेंबरात हँडेलचं तेच ते ओरेटोरिओ, बायबलातल्या वचनांचं लांबलचक गाणं, सतरा वेळा, सतरा गावांत. एका वर्षी ती मला म्हणाली, "वीणा, आज अर्ध्यात मी विसरले की मी कुठल्या गावात आहे. मग वाटलं, काय फरक पडतो?"

आणि इतकं करून जागा कुठली? सेकंड व्हायोलिनमध्ये, सगळ्यात मागे. दोघांत एक स्टँड असतो, ओळीत चार-पाच स्टँड. पुढच्या स्टँडवरचे लोक ठरलेले. मागचे बोलावलेले. जपानचा दौरा निघाला की खर्च कमी करायला मागचा स्टँड गळायचा. रेकॉर्ड निघाली की पुस्तिकेत नावं यायची, त्यात तिचं एकदा "एस्थर जेरार्ड" छापलं, एकदा "ई. झिरा". एका रेकॉर्डला मोठं बक्षीस मिळालं. त्या पुस्तिकेत ती नव्हतीच.

"कळवलंस का त्यांना?" मी विचारलं.

"कळवलं. म्हणाले, नेक्स्ट प्रिंटिंगमध्ये करू. नेक्स्ट प्रिंटिंग कधी झालं नाही."

आमच्या महाराष्ट्र मंडळात तिला एकदा गणपतीला नेलं. पद्माकरकाका म्हणून एक मोठे सर्जन होते, त्यांनी तिची सगळी हकिगत कौतुकानं ऐकली आणि मग विचारलं, "वा, वा. आणि दिवसा काय करता?" घरी आल्यावर एस्थर म्हणाली, "पुढच्या वर्षी मी आजारी आहे म्हणून सांग."

पण तिला खरा जाच होता तो ईस्टरचा.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात या देशातल्या प्रत्येक मोठ्या चर्चमध्ये येशूला क्रुसावर दिल्याची कथा गातात, बाख या जुन्या संगीतकारानं लिहिलेली. बरोकवाल्यांचा हा सगळ्यात मोठा हंगाम. त्या दहा दिवसांत जो घरी बसला तो उरलेलं वर्ष घरीच बसणार, असं धरून चालायचे. आणि त्याच सुमाराला, कधी चार दिवस इकडे, कधी चार दिवस तिकडे, ज्यू लोकांचा पेसाह येतो. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटल्याचा सण. पहिल्या रात्री सगळं घर एका टेबलाभोवती बसतं, सुटकेची गोष्ट वाचतं, बिनखमिराची पोळी आणि खजुराचा पाक खातं. दुसऱ्या रात्रीही वाचतात, पण एस्थरच्या आईच्या मते ती शिळ्या कढीला ऊत.

तिची आई म्हणजे सॅलीमावशी. सियोनकाका वारले होते, त्या लंडनच्याच क्रॉयडनला मुलाकडे, मनाशेकडे राहायच्या. मनाशे तिथल्याच एका ऑफिसात होता. १९८८ मध्ये पेसाहची पहिली रात्र आणि गुड फ्रायडे एकाच दिवशी आले. एस्थर चर्चमध्ये वाजवत होती. दोन दिवसांनी सूर्य मावळल्यावर मावशींचा फोन आला तो मीच घेतला.

"वीणा, वर्षाची एक रात्र," मावशी म्हणाल्या. "एक. आणि त्या रात्री माझी मुलगी चर्चमध्ये. तिथं काय गातात ते ठाऊक आहे ना तुला? आपल्या लोकांनी त्याला मारला म्हणून गातात."

मी ते एस्थरला विचारलं. ती बुटाची नाडी बांधत होती.

"खरंय. गाणाऱ्यांचा कॉयर ओरडतो, याला क्रुसावर द्या. आणि मी खाली बसून साथ करते. पहिल्या वर्षी मी शब्द ऐकत बसले. आता मी मात्रा मोजते. मोजल्या नाहीत तर चुकते."

१९९१ मध्ये पुन्हा तसंच आलं. २९ मार्च, गुड फ्रायडे, आणि त्याच संध्याकाळी पेसाह. त्या वर्षी सॅलीमावशींचं कंबरेच्या सांध्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांचा भाऊ आणि भावजय इस्रायलहून येणार होते, वीस वर्षांनी. मावशींनी जानेवारीतच विचारलं, "येशील?" आणि एस्थरनं येते म्हणून सांगितलं. माझ्या हातातून डायरी घेऊन तिनं स्वतः पेनानं लिहिलं, "आई". पानभर.

मी ती तारीख राखली. तीन फिक्सरांना नाही म्हटलं. त्यांतली एक हिलरी होती, सगळ्यात चांगल्या संचाची. तिनं "क्वाइट राइट टू", म्हणजे बरोबरच आहे, असं म्हटलं आणि फोन ठेवला.

फेब्रुवारीत बर्फ पडलं आणि ट्रेन बंद झाल्या. त्या दिवशी हिलरीच्या संचाचा कार्यक्रम मेडनहेडला होता. आदल्या दिवशी रेडिंगला काम होतं म्हणून एस्थर तिकडेच एका मैत्रिणीकडे राहिली होती, त्यामुळे ती वेळेवर पोचली. संचाची लीडर, म्हणजे पहिल्या स्टँडवरची मुख्य व्हायोलिनवाली, लंडनला अडकली होती. कंडक्टर चिडला होता. एका तुकड्यात एकट्या व्हायोलिनला मोठं काम होतं. "कुणाला येतं हे?" त्यानं विचारलं. मागून एस्थर म्हणाली, "मला येतं." ती पुढं गेली आणि सगळी तालीम तिनं वाजवलं. संध्याकाळी लीडर येऊन पोचली. एस्थर परत मागे गेली.

घरी आली तेव्हा तिचे बूट भिजले होते, पण ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मला सगळं सांगत राहिली. "त्याला माझं नाव माहीत नव्हतं, वीणा. सात वर्षं मी त्याच्यासमोर बसते. आज त्यानं विचारलं, आणि लिहून घेतलं."

दोन आठवड्यांनी हिलरीचा फोन आला. लीडरच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. गुड फ्रायडेचा कार्यक्रम एका मोठ्या कॅथीड्रलमध्ये होता, रेडिओवरून थेट जाणार होता. बाखच्या त्या कथेत एक गाणं आहे, त्यात गाणारीच्या जोडीला एकच व्हायोलिन सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजतं. ते एस्थरनं वाजवावं असं कंडक्टरनं सांगितलं होतं.

मी हिलरीला म्हटलं, "शी विल रिंग यू," आणि जिन्यातच बसले.

एस्थर आली तेव्हा मी कोट काढू न देता तिला सांगितलं. ती खालच्या पायरीवर बसली. व्हायोलिनची पेटी तिनं पोटाशी धरली.

"काय करू?"

"आईंना विचार," मी म्हटलं. "त्या नाही म्हणणार नाहीत."

तिनं तिथूनच फोन लावला. मी स्वयंपाकघरात गेले, पण घर केवढं असणार, सगळं ऐकू आलं. "आई, त्या रात्री एक काम आलंय... हो, त्याच रात्री... हो, मी सांगितलं होतं, मला माहीत आहे... नाही, तसं नाही." मग "बरं" म्हणून तिनं ठेवलं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, तुझं तू बघ."

हे तीन शब्द ज्यानं आपल्या आईकडून ऐकले असतील त्याला पुढचं सांगायला नको. एस्थरनं हिलरीला फोन करून नाही म्हटलं. हिलरी म्हणाली, "ऑफ कोर्स, डार्लिंग, फॅमिली." दोन मिनिटांत संपलं.

२९ मार्चला ती दुपारीच क्रॉयडनला गेली, कारण शुक्रवार होता आणि सूर्य मावळायच्या आत पोचायचं होतं. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, लागल्यावर त्या घरात वीज पेटवायची नाही, फोन नाही, वाद्य नाही, रेडिओ तर नाहीच. मी मात्र आमच्या घरी रेडिओ लावला. मुली झोपल्या होत्या. ते गाणं आलं तेव्हा मी पोळ्या लाटायची थांबले. मला त्यातलं काही कळत नाही, पण ते व्हायोलिन कुणीतरी रडून झाल्यावर बोलतं तसं बोलत होतं. कोण वाजवत होतं ते शेवटी निवेदकानं सांगितलं. एक पोरगी, एस्थरपेक्षा दहा वर्षांनी लहान.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एस्थर आली. तासाभरात तिला पुन्हा कार्यक्रमाला निघायचं होतं.

"कसं झालं तिकडे?" मी विचारलं.

"छान. मामानं सगळ्यांना रडवलं. मग म्हणाला, एस्थर, काहीतरी वाजव ना. आई म्हणाली, अरे आज कसं वाजवेल, शब्बाथ आहे. आणि म्हणाली, तिनं आज माझ्यासाठी सुट्टी घेतली." तिनं तो शब्द पुन्हा म्हटला. "सुट्टी."

"तू सांगितलं नाहीस? एकटीचं काम होतं, रेडिओवर होतं, काहीच?"

"नाही."

"अगं, पण का?"

"सांगितलं असतं तर ती जा म्हणाली असती. मग मी गेले असते." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू ऐकलंस?"

"ऐकलं."

"कसं वाजवलं तिनं?"

खोटं बोलायला हवं होतं, मला जमलं नाही. "चांगलं वाजवलं," मी म्हटलं. ती वर गेली आणि तिच्या खोलीचं दार लागलं.

त्यानंतर हिलरीचे फोन कमी झाले. बंद नाही झाले. शरद ऋतूत एक, नाताळात दोन. पण १९९२ च्या ईस्टरला एकही नाही. तिचाही नाही आणि बाकीच्यांचाही नाही. एस्थर दहा दिवस घरी. तिनं माझ्या बागेतलं गवत कापलं, मुलींच्या सायकली दुरुस्त केल्या, आणि फोन वाजला की कात्री हातात घेऊन दारात येऊन उभी राहायची. फोन गिरीशच्या आईचा असायचा, पुण्याहून.

१९९३ च्या ईस्टरलाही तेच. पेसाहला ती दोन्ही रात्री क्रॉयडनला जाऊन बसली. मावशी खूश. "बघ, मनात आणलं की जमतं," त्या मला म्हणाल्या.

तेव्हा मात्र तिनं ठरवलं, की जाऊन विचारायचं. मे महिन्यात ती हिलरीच्या ऑफिसात गेली. परत आली ती दार आपटूनच.

"काय झालं?"

"मी विचारलं, हिलरी, नाइन्टी-वनला मी नाही म्हटलं म्हणून तू मला ईस्टरला बोलवत नाहीस का? तर ती म्हणाली, तू नाही म्हणालीस? कधी?" एस्थरनं खुर्ची ओढली पण बसली नाही. "तिला आठवत पण नव्हतं, वीणा! मी त्या एका नाहीवर दोन वर्षं झोपले नाही आणि त्या बाईला आठवत नाही."

"मग बोलवत का नाही?"

"तिच्याकडे खोका आहे, प्रत्येकाचं एक कार्ड. माझं कार्ड काढलं. वर लाल शाईनं लिहिलंय, ईस्टरला मिळत नाही. ती म्हणाली, आय अझ्यूम्ड, डार्लिंग, रिलिजन. आणि बाकीच्या फिक्सरांनी तिला विचारलं तर तिनं त्यांना पण तेच सांगितलं. हेल्प म्हणून! मी ज्यू आहे म्हणून मला त्रास नको म्हणून!"

"तू काय म्हणालीस?"

"थँक यू म्हणाले. काय म्हणणार? मग म्हटलं, प्लीज, ते खोड. तिनं वर पांढरं टिपेक्स लावलं."

मला हसू आलं आणि ते तिनं पाहिलं. मला वाटलं आता चिडेल. ती बसली आणि कपाळ टेबलावर टेकून म्हणाली, "एवढी वर्षं मला वाटायचं मी चांगली वाजवत नाही."

ईस्टरचे फोन परत यायला दोन वर्षं लागली. आले तेही पूर्वीच्याच जागेसाठी, सेकंड व्हायोलिन, शेवटचा स्टँड. मधल्या काळात कॉलेजातून नवी पोरं बाहेर पडली होती, बरोक शिकूनच आलेली, आणि ती पुढं बसत होती. लीडरची जागा आता त्या रेडिओवाल्या पोरीची होती. एस्थर बेचाळीस वर्षांची झाली होती.

१९९५ मध्ये गुड फ्रायडे आणि पेसाह पुन्हा एकाच दिवशी आले. हिलरीनं विचारलं, एस्थर हो म्हणाली. या वेळी तिनं मावशींना फोन केला नाही, समोर जाऊन सांगितलं. कार्यक्रम क्रॉयडनमध्येच होता, मनाशेच्या घरापासून वीस मिनिटांवर. मावशी चिडल्या, बोलल्या, मग म्हणाल्या, "असं काय असतं तिथं, मला एकदा बघू दे." शुक्रवारी येणं शक्य नव्हतं. बुधवारी दुपारी तालीम होती. मी मावशींना घेऊन गेले.

चर्चच्या दाराशी त्या काठी टेकून थांबल्या. "आपण आत जाऊ नये म्हणतात."

"मग परत जाऊया का?"

"थंडी आहे बाहेर," असं म्हणून त्या आत शिरल्या आणि शेवटच्या बाकावर कोट न काढता बसल्या. कॉयर एकदम ओरडला तेव्हा दचकल्या. "काय म्हणतायत?" मला माहीत नव्हतं असं नाही. "जर्मन आहे," मी म्हटलं.

मग ते गाणं आलं. लीडर उभी राहिली. मावशींनी काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि संपेपर्यंत हलल्या नाहीत.

चहाची सुट्टी झाली. एस्थर कपात चहा घेऊन आमच्याकडे आली. तालमीला आई आलीय याचा तिला आनंद झाला होता, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मावशी म्हणाल्या, "ती मुलगी उभी राहून वाजवत होती ना, ते फार सुंदर होतं. तू अशी मागे का बसतेस?"

एस्थरनं कप बाकावर ठेवला.

"ते मला वाजवायला सांगितलं होतं, आई. नाइन्टी-वनला."

"कधी?"

"मामा आला होता तेव्हा. त्याच रात्री. रेडिओवर होता तो कार्यक्रम."

मावशींना कळायला वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, "मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं! फोन केला होता. तू म्हणालीस तुझं तू बघ!"

"तू म्हणालीस काम आलंय. काम तुला रोजच असतं. हे असलं काम आहे म्हणून सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं?"

"ते मी ठरवलं असतं." मावशींचा आवाज चढला, पुढच्या बाकावरचे कॉयरमधले दोघे मागे वळून पाहायला लागले. "मी काय म्हणेन ते तू कोण ठरवणार? मला न विचारता माझ्यासाठी केलंस आणि चार वर्षं माझ्या नावावर मांडून ठेवलंस. म्हणून तोंड असं करून येतेस पेसाहला!"

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. त्यांना मराठी येतं?"

मी मध्ये काहीतरी बोलायला गेले, दोघींनी मिळून मला गप्प केलं. तेवढ्यात पुढं कुणीतरी टाळ्या वाजवल्या, सगळे जागेवर चालले. एस्थर गेली. चहा तसाच राहिला. पुढचे दीड तास मावशी हाताची घडी घालून बसल्या. एस्थरची धनुकली इतरांबरोबर वर-खाली होत होती, पण तिची मान आम्हाला दिसणार नाही अशी वळलेली होती.

शुक्रवारी तिनं वाजवलं. शनिवारी, दुसऱ्या रात्री, ती क्रॉयडनला गेली. मावशींनी तोवर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मनाशे दारातच म्हणाला, "पण मग आता का नाही देत तुला ते?" त्याच्या मुलींनी विचारलं. शेजारच्या बाईंनी विचारलं. तेव्हापासून दर पेसाहला, दर शब्बाथला, मनाशेच्या घरी तिला हाच प्रश्न, दिलं का?

"आधी कुणाला काही माहीत नव्हतं ते बरं होतं," ती मला म्हणायची. "आता मी नापास झालेली मुलगी आहे."

तिला ते कधीच मिळालं नाही. १९९६ मध्ये तिनं तिघांना घेऊन स्वतःचा छोटा संच काढून पाहिला. हॉल मिळवायचे, पत्रकं छापायची, दोन वर्षं तिनं वाजवण्यापेक्षा पत्रंच जास्त लिहिली. शेवटच्या कार्यक्रमाला एकोणीस माणसं होती, त्यांतले चार आम्ही. मग तो बंद केला. आठवड्यातून दोन दिवस एका शाळेत शिकवायला लागली. "बावीस मुलं. बावीस वेगवेगळे सूर," म्हणायची. बाकीचे पाच दिवस ट्रेन, चर्च, ओव्हरकोट.

१९९७ च्या उन्हाळ्यात मावशींचा दुसरा सांधा गेला आणि एस्थर आमची खोली सोडून क्रॉयडनला गेली. आईसाठी आणि स्वतःसाठी तिनं तळमजल्यावरचा एक लहान फ्लॅट घेतला.

पुढच्या वर्षी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. एस्थर आतल्या खोलीत सराव करत होती. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता, तुकडा नवा आणि अवघड होता, तीन दिवस आधी हातात पडला होता. मी आणि मावशी स्वयंपाकघरात नारळ खवत होतो. आत एक ओळ आली, थांबली, परत आली. चौथ्यांदा आली तेव्हा मावशींनी खवणीवरून मान वर केली आणि ओरडल्या, "एस्थर! तो वरचा सूर घसरतोय!"

सराव थांबला. मग दार उघडलं. केस विस्कटलेले, हातात धनुकली.

"आई, मला ऐकू येतं."

"मग नीट कर ना."

"तीन दिवस तेच करतेय!"

"कर," मावशी म्हणाल्या आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "पुढच्या ओळीत पण घसरते. आत्ता सांगत नाही."

दार लागलं. ती ओळ पाचव्यांदा सुरू झाली. मी ऐकत होते, पण मला काही फरक कळला नाही. मावशींना कळला असावा. त्यांनी नुसतं नाक मुरडलं आणि दुसरी कवड हातात घेतली.